दाताळ्याचं तोंड

हुपरीची आमची शाळा, चौथी अ.
सीपीआरची जीप साडेदहाला आली,
तीतून उतरले घोरपडेभाऊ,
एक पेटी, एक दोरी.
दोरी सहा मीटरची, वर्गात मावेना.
मग पोषण आहाराची खोली उघडली,
तांदळाची पोती भिंतीकडे सरकवली,
आणि समोर खिळ्याला तक्ता टांगला.

तक्त्यावर नुसती इंग्रजी ई,
कुठं उताणी, कुठं पालथी, कुठं कुशीवर.
"वाचायचं काही नाही रे,
तोंड कुणीकडं तेवढं सांगा," भाऊ म्हणाले.
"दाताळं हाय ते," आरमान शिकलगार बोलला,
आणि दुपारपर्यंत ते दाताळंच राहिलं.

वर. खाली. डावीकडं.
डावं-उजवं ज्यांना मला वर्षभर शिकवता आलं नव्हतं
ती पोरं एका सकाळीत शिकली,
एक डोळा पुठ्ठ्याआड, दुसरा वटारून.

सन्मती मगदूम दोरीशी उभा राहिला.
पहिली ओळ बरोबर.
दुसरी बरोबर.
तिसरी त्यानं धडाधडा म्हटली, पाढ्यासारखी.
भाऊ थांबले.
काही न बोलता उठले, तक्ता उलटा टांगला.
सन्मतीचं चालूच, वर, खाली, डावीकडं,
रांगेत उभ्या उभ्या पाठ केलेलं सगळं,
आणि मग पोरं हसली तसा तो अडकला.
"आता कुणीकडं तोंड?"
बराच वेळ बघितलं त्यानं.
"त्याला तोंडच न्हाई."

दुसऱ्या दिवशी आई आली,
बोटांना डाग दिल्याचे चटके,
पदराला शेगडीचा वास.
"चष्मा कशाला वो बाई?
आमच्यात ह्याच्यासारखी नजर कुणाची न्हाई.
रातच्याला पैंजणाच्या कड्या ह्योच जुळवतोय,
बाला दिसत न्हाई ते ह्याला दिसतंय."

खोटं नव्हतं ते.
वीतभर अंतरात त्या घरात तो सगळ्यांच्या पुढं होता.
कडीचं तोंड कुठं उघडं, कुठं मिटलं,
केसाएवढी फट त्याला दिसायची.
वितेच्या पलीकडं
फळा होता, मी होते, दहाचा पाढा होता.

आणि मी?
मला कुणी विचारलं नाही, मीच सांगते.
तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, माझंच वळणदार अक्षर:
फळ्याकडे लक्ष नसते.
शेजाऱ्याची वही पाहतो.
एकदा पट्टीही. उजव्या हातावर.
त्याच हातानं तो रात्री कड्या जुळवत असणार.

गणपतीच्या सुट्टीआधी चष्मे आले,
सात डब्या, सात नावं.
सन्मतीनं काड्या कानामागं अडकवल्या,
पंख्याकडं बघितलं, पालीकडं बघितलं,
मग माझ्याकडं, आणि बघतच राहिला.
"बाई, तुमच्या हनुवटीवर तीळ हाय."
हाय की.
चव्वेचाळीस वर्षं आहे तो तिथं.
म्हणजे तीन वर्षं हा पोरगा
माझ्या चपलांच्या आवाजाला नमस्कार करत होता.

पोचपावतीवर सही हवी होती.
बारीक छापा, त्याहून बारीक रकाने.
मी कागद लांब धरला, आणखी लांब,
खिडकीकडं नेला, मान मागं घेतली.
"बाई, हात पुरंना व्हय?"
सगळा वर्ग हसला. मीही.
त्यानं कागद घेतला माझ्या हातातून,
नवा चष्मा कपाळावर सारला,
नाकाशी धरून वाचायला लागला,
मोठ्यानं, एकही अक्षर न गाळता:
"अनुक्रमांक सहा. मगदूम सन्मती बाबगोंडा.
उजवा उणे साडेतीन. डावा उणे तीन.
बाई, उणे म्हंजे कमीच न्हवं?"

मी म्हटलं, "हं."
दुसरं काही सुचलं नाही.

"हितं करा सही," म्हणून
त्यानं रकान्यावर बोट टेकवलं.
मला रेघ दिसत नव्हती.
बोट दिसत होतं.
त्याच्या शेजारी मी नाव लिहिलं.